मूळ प्रती सोबत आणाव्यात

घर आवरायचं शास्त्र शिकवणाऱ्यांची सध्या चलती आहे. दिवाळीच्या आधी आणि मार्चअखेरीला ही मंडळी विशेष भरात असतात. कागदपत्रांविषयी त्यांचं सांगणं थोडक्यात असं : घरातला कागद म्हणजे अडगळ. ज्या कागदाला वर्षभरात हात लागला नाही त्याला पुढेही लागणार नाही. फोटो काढा, क्लाउडवर टाका आणि गठ्ठा रद्दीवाल्याला द्या. आधार, पॅन, गुणपत्रिका, गाडीचं आरसी बुक हे सगळं डिजिलॉकरमध्ये आहे, बँक मोबाइलमध्ये आहे, आणि पासबुक भरून आणणं हे तर निव्वळ आजोबांच्या पिढीचं खूळ. एक कप्पा मोकळा होईल, डोकंही मोकळं होईल.

कप्पा मोकळा होईल हे मान्य. पुढचं मान्य नाही. हा सल्ला आपल्याकडच्या घरांना लागू पडत नाही, आणि जिथे तो मनावर घेतला जातो तिथे त्याची किंमत ना सल्ला देणारा मोजतो ना घेणारा. ती मोजतं घरातलं तिसरंच माणूस, बहुतेक वेळा बाई. त्या माणसाच्या बाजूने हा प्रतिवाद आहे.

आधी सल्ल्याचं मूळ गाव पाहू. मारी कोंडो यांचं आवराआवरीचं पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आलं, २०१९ साली नेटफ्लिक्सवर त्यांची मालिका आली आणि ते लोण तिथून आपल्या रील्समध्ये पोचलं. कागदांबाबत कोंडोबाईंचा नियम कडक आहे : मुळात सगळे टाकायचे, आणि टाकताच येणार नाहीत असे मोजके ठेवायचे. त्यांना दोष द्यायचं कारण नाही. त्या ज्या देशातून आल्या तिथे ‘कोसेकी’ नावाची कुटुंबनोंद आहे. कोण जन्मलं, कोणाचं कोणाशी लग्न झालं, कोण दत्तक गेलं, कोण वारलं, हे सगळं नगरपालिकेच्या दफ्तरात कुटुंबवार लिहिलेलं असतं. माणूस गेला की वारस कोण हे पाहायला बँक त्याच्या कोसेकीचे उतारे मागते आणि ते उतारे नगरपालिका देते. म्हणजे कागद तिथेही आहेच, फक्त तो सांभाळायचं काम सरकारने अंगावर घेतलेलं आहे. घरचं कपाट रिकामं ठेवायची चैन त्यांना त्यामुळे परवडते. आपण रिकामं कपाट तेवढं उचललं, कोसेकी तिथेच राहिली.

आपल्याकडे पुराव्याचा भार अर्जदारावर आहे. हे मी उपहासाने म्हणत नाही, कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. जातीचे दाखले आणि त्यांची पडताळणी यांसाठी महाराष्ट्राने २००० साली जो कायदा केला त्याच्या आठव्या कलमानुसार आपण अमुक जातीचे आहोत हे सिद्ध करणं ज्याचं त्याने बघायचं. आणि किती मागे जाऊन सिद्ध करायचं? अनुसूचित जातींसाठी मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीची नोंद दाखवा. म्हणजे आज इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीला आजोबांचा, वेळ पडली तर पणजोबांचा, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा लागतो. त्या उताऱ्याला घरात चाळीस वर्षं कोणाचा हात लागलेला नसतो. ‘वर्षभरात हात लागला का?’ ही कसोटी लावली असती तर तो कधीच भेळेच्या पुडीत गेला असता.

२०२३ साली काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली दफ्तरं उघडली. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, खासरा पत्रकं, निजामाच्या काळातली मोडी आणि उर्दू कागदं. मोडी वाचणाऱ्या माणसाला एकाएकी भाव आला. ज्या घरांतल्या पेटीत आजोबांच्या आजोबांचा एखादा तुकडा होता ती घरं आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ती घरं यांच्यातला फरक तेव्हा किती मोठा होता, हे तहसील कचेरीच्या आवारात उभ्या असलेल्या कोणालाही विचारा. पुढच्याच वर्षी लाडकी बहीण योजना आली. सुरुवातीला अधिवास प्रमाणपत्र मागितलं, सेतू केंद्रांवर झुंबड उडाली, मग सवलत दिली गेली : अधिवास नसेल तर १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, यांपैकी एक चालेल. किती घरांत ते जुनं, कडा कुरतडलेलं रेशनकार्ड ‘आता धान्य कोण आणतंय’ म्हणून टाकून दिलेलं होतं!

आणि हे काही आजचं नाही. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दख्खनातल्या इनामदारांना विचारणा सुरू झाली की सनद दाखवा. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारे, वहिवाट असलेले लोक होते. पण वहिवाट पुरेशी नव्हती, कागद हवा होता. ज्यांना दाखवता आला नाही त्यांची इनामं गेली. कागद जपून ठेवायची आपल्या आजी-आजोबांची सवय कंजूषपणातून किंवा मोहातून आली असं समजणाऱ्यांनी हा इतिहास एकदा चाळावा. ते लोक शहाणे होते. पोळलेले होते.

आता डिजिटलवाल्यांचं म्हणणं त्यांच्या सगळ्यात भक्कम बाजूने मांडतो. कागद जळतो, वाळवी लागते, पुरात जातो. २६ जुलै २००५ ला मुंबईत, २०१९ साली सांगली-कोल्हापुरात, २०२१ साली चिपळुणात घराघरांतून चिखलात लडबडलेल्या फायली निघाल्या. त्या दिवशी ज्याचे दाखले क्लाउडवर होते तो सुखी. हे खरं आहे. प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची स्कॅन केलेली प्रत हवीच, आणि ती न काढणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. डिजिलॉकरही उत्तम सोय आहे. २०१५ साली ती सुरू झाली आणि नियमांमध्ये नंतर स्पष्टच लिहिलं गेलं की डिजिलॉकरमधून मिळालेला दाखला मूळ दाखल्याच्या बरोबरीचा मानावा. रस्त्यात पोलिसाने लायसन्स मागितलं तर मीही फोनच काढतो.

पण त्या नियमाची मेख पाहा. बरोबरीचा मान फक्त ‘इश्यूड’ कागदाला आहे, म्हणजे जो खुद्द देणाऱ्या खात्याने किंवा मंडळाने तिथे थेट पाठवला. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेला कागद हा ‘अपलोडेड’. त्याला डिजिलॉकरमध्ये असूनही झेरॉक्सपेक्षा जास्त किंमत नाही. आणि आपल्याला नेमके जे कागद अडचणीला लागतात, आजोबांचा निर्गम उतारा, १९८२ चं खरेदीखत, वाटणीपत्र, पहिल्या मालकाने बिल्डरशी केलेला फ्लॅटचा करार, ते सगळे दुसऱ्या गटात मोडतात. अर्जाच्या तळाशी ‘पडताळणीच्या वेळी मूळ प्रती सोबत आणाव्यात’ ही ओळ असते ती ह्यांच्यासाठी. मृत्युपत्राचं तर विचारूच नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्याच परिशिष्टात ज्या दस्तांना हा कायदा लागू नाही असं म्हटलंय, त्यांत मृत्युपत्र आहे. तुमची शेवटची इच्छा तुम्ही कितीही सुबक टाइप करून ड्राइव्हवर ठेवा, कागदावर तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या नसतील तर ती इच्छाच राहते.

रिझर्व्ह बँकेला काय वाटतं तेही पाहण्यासारखं आहे. १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाने तिने बँकांना बजावलं : कर्ज फिटलं की ३० दिवसांत घराचे मूळ कागद परत करा, उशीर केलात तर दर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्या. ज्या कागदाच्या उशिराला दिवसाला ५,००० रुपये दंड आहे तो कागद अडगळ कसा? कर्ज फिटल्यावर ‘एनओसी आली, झालं’ म्हणून मूळ कागद आणायला न जाणारे महाभाग मात्र आजही भेटतात. घर विकायच्या वेळी त्यांना घाम फुटतो. तीच गोष्ट नूतनीकरणाच्या बिलांची. घर विकताना नफ्यावर कर लागतो तेव्हा खरेदीची किंमत आणि घरात घातलेला पैसा कागदानिशी दाखवावा लागतो. फरशी बदलली, एक खोली वाढवली, ते कंत्राटदाराच्या तोंडी हिशोबावर कर अधिकारी ऐकत नाही.

पासबुकाला खूळ म्हणणाऱ्यांना मी एक ओळ दाखवतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली. तारीख, मग इंग्रजी अक्षरांची एक जुडी, ज्यातून कोणाला काही बोध होऊ नये अशीच ती रचलेली असावी, आणि खर्चाच्या रकान्यात ४३६. त्याच्या आसपास दुसरी ओळ, २० रुपयांची. बँकेने काहीतरी चार्ज लावला असेल म्हणून माणूस पुढे जातो. पण ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता आणि २० म्हणजे सुरक्षा विमा योजनेचा. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी २ लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला २ लाख. बँकेत कधीतरी कोणत्या तरी साहेबांनी फॉर्मवर सही घेतली, पैसे आपोआप कापले जायला लागले, पॉलिसीचा कागद बहुतेकांच्या हाती कधी आलाच नाही. घरच्यांना ठाऊक असण्याचं कारणच नाही. माणूस गेल्यावर हा विमा होता हे सांगणारी घरातली एकमेव खूण म्हणजे पासबुकातली ती ओळ. मोबाइलवर आहे की, असं म्हणाल. आहे. कोणाच्या मोबाइलवर?

खरा मुद्दा इथे आहे, आणि आवराआवरीचे गुरुजी त्याला कधी हातच लावत नाहीत. त्यांच्या लेखी व्यवस्थितपणा म्हणजे मला माझी वस्तू पटकन सापडणं. माझं म्हणणं, मला सापडण्याला काहीच अर्थ नाही. मी नसताना दुसऱ्याला सापडतं का, यावर घर व्यवस्थित की अव्यवस्थित ते ठरतं.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांइतका व्यवस्थित माणूस मी पाहिलेला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळ्या फायली स्कॅन करून बाद केल्या होत्या आणि ते आम्हाला कौतुकाने दाखवतही असत. एफडी ॲपमध्ये, विम्याच्या पॉलिसी ई-मेलवर, म्युच्युअल फंडांची स्टेटमेंटं पासवर्ड लावलेल्या पीडीएफमध्ये, विजेचं आणि गॅसचं बिल ऑटो-पेवर. झाडं वाचावीत म्हणून प्रत्येक कंपनीकडे ‘कागदी स्टेटमेंट नको’ या चौकोनात टिचकी मारलेली. काका अचानक गेले. फोन अंगठ्याने उघडायचा. पण बॅटरी संपून तो पुन्हा चालू झाला की आधी पिन मागतो. मुलाने वाढदिवस, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर सगळं लावून पाहिलं; फोन प्रत्येक वेळी थोडा जास्त वेळ थांबा म्हणाला. काकूंना एका बँकेचं नाव पक्कं ठाऊक होतं, कारण त्या बँकेचं कॅलेंडर दर वर्षी घरी येतं. बाकीच्यांसाठी त्या पोस्टमनची वाट पाहत बसल्या. पोस्टाने येणार काय? टिचकी मारलेली होती ना.

ठाऊक असलेल्या त्या एका बँकेत काकूंना मिळालेली वागणूक वेगळीच. मृत्यूचा दाखला आणा, वारसांचं ना-हरकत पत्र आणा, नॉमिनी आहे का, खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ आहे का? काकूंना शेवटचे दोन प्रश्नच कळले नाहीत. काउंटरवरच्या मुलाने चढ्या आवाजात ते पुन्हा विचारले, जणू ऐकू आलं नाही म्हणून त्या गप्प होत्या. अशा वेळी बरीच घरं जो मार्ग काढतात तो सर्वांना ठाऊक आहे : गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड आणि पिन असेल तर गुपचूप पैसे काढत राहायचे. ते कायद्यात बसत नाही आणि उद्या दुसऱ्या वारसाने हरकत घेतली तर अंगाशी येतं. काकूंकडे तर पिनही नव्हता.

खात्यात १० वर्षं व्यवहार झाला नाही, कोणी विचारायला आलं नाही, की शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते. मार्च २०२४ अखेर या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. पैसा बुडत नाही, मागता येतो. शोधायला २०२३ पासून ‘उद्‌गम’ नावाचं संकेतस्थळही आहे. पण तिथेही गेलेल्या माणसाचं नाव टाकून भागत नाही. पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, लायसन्स, जन्मतारीख यांतलं काहीतरी द्यावंच लागतं. म्हणजे हरवलेला पैसा शोधायलासुद्धा आधी न हरवलेला कागद पाहिजे.

‘नॉमिनी घातलाय, आता काळजी नाही’ हाही याच मंडळींचा आवडता दिलासा. नॉमिनी घालावाच. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना एकाऐवजी चार जणांची नावं देता येतात, तीही द्यावीत. पण नॉमिनी म्हणजे मालक हा समज सर्वोच्च न्यायालय चाळीस वर्षांपासून खोडून काढतंय. शेअरच्या बाबतीत काही वर्षं उलटसुलट निकाल आले, तो गोंधळ १४ डिसेंबर २०२३ च्या निकालाने मिटला : नॉमिनीकडे पैसे सोपवले जातात, मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच ठरते. तो खटला कोणाच्या मिळकतीवरून होता? ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगांवकरांच्या. घरोघरी भिंतीवर टांगलेल्या ज्या कॅलेंडरच्या चौकोनात आपल्या आया-बहिणी दुधाचा हिशोब मांडतात, त्याच्या कर्त्याच्या घरचा खटला या प्रश्नाचा देशाचा निकाल ठरला. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीपासून नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत हे सांगून पाहा, अर्धी सभा तुमच्यावर तुटून पडेल.

दुधाच्या हिशोबाचा उल्लेख ओघात आला, पण तो सोडवत नाही. खाडे किती, म्हशीचं किती, गाईचं किती, मध्येच भाव वाढला तो कोणत्या तारखेपासून, हे पेन्सिलीने एवढ्याशा जागेत लिहून महिनाअखेरीला गवळ्याशी हुज्जत घालून पैसे वळते करून घेणारी बाई. तिच्या नवऱ्याचं म्हणणं, ‘तिला यातलं काही कळत नाही, मीच बघतो सगळं.’ आतापर्यंत मी फेका म्हणणाऱ्यांशी भांडत होतो. आता ठेवा म्हणणाऱ्यांशीही दोन शब्द. कारण गोदरेजचं कपाट शिगोशीग भरून त्याची किल्ली जानव्याला अडकवणारा आणि सगळं क्लाउडवर टाकून पासवर्ड डोक्यात ठेवणारा, हे दोघे एकाच माळेचे मणी आहेत. दोघांनाही वाटतं की घराचा कारभार ही आपली खासगी मालमत्ता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि नवऱ्यांना सांगितलं की बायकोच्या नावाने जमीन करा. १९९२ साली सरकारनेही सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायचं परिपत्रक काढलं. इतक्या वर्षांनी, शिकल्यासवरलेल्या फ्लॅटमध्ये, जमीन तर सोडाच, कोणत्या बँकेत किती ठेवी आहेत हेसुद्धा बायकोला सांगायला संकोच होतो.

आणि ठेवा म्हणणाऱ्यांची सगळीच ठेव जपण्यासारखी नसते, हेही खरं. दहा वर्षांपूर्वीची विजेची बिलं कशाला? मिक्सर भंगारात गेला, त्याचं वॉरंटी कार्ड अजून आहे. थर्मल कागदावरची पेट्रोलची आणि दुकानांची बिलं तर आपोआपच कोरी होतात, तरी ती पिशवीत भरलेली. संपलेल्या मोटार विम्याचे कागद. हे खुशाल टाका, फक्त खाते क्रमांक, आधार क्रमांक असलेले फाडून टाका. लॅमिनेशनचा सोसही सोडा. दाखला एकदा त्या प्लास्टिकमध्ये गेला की त्यावर ना शिक्का बसतो ना सही, आणि काढायला गेलं तर शाईच निघून येते. मूळ कागदाला साधी प्लास्टिकची फोल्डरची पिशवी पुरते.

माझी मागणी छोटी आहे. दोनशे पानी वही घ्या, तिची चार-पाच पानं पुरतील. एकेका ओळीत लिहा : काय आहे, कोणत्या बँकेत किंवा कंपनीत, कोणाच्या नावावर, नॉमिनी कोण, मूळ कागद घरात नेमका कुठे, आणि मी नसलो तर कोणाला भेटायचं. पीएफ, पेन्शन, पतपेढीतला शेअर, गावाकडचा सातबारा आणि आठ अ, गटाचा नंबर, कोणाला दिलेले हातउसने, कोणाकडून घेतलेले, ४३६ ची ती ओळसुद्धा. लिहिताना बायकोला शेजारी बसवा आणि निम्मी वही तिच्या अक्षरात होऊ द्या. तिच्या नावाचे कागद वेगळ्या पानावर घ्या. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकात तिसरंच स्पेलिंग, हा घोळ जवळजवळ प्रत्येक विवाहितेच्या कागदांत असतो. तो तिच्या हयातीत, सवडीने, लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडून मिटवता येतो. व्यापारी लक्ष्मीपूजनाला वह्या पुजतात. घरच्या माणसाने पाडव्याच्या ओवाळणीत साडीबरोबर ही वही ताटात ठेवली तर बिघडलं कुठे?

यावर दोन हरकती हमखास येतात. एक, वही चोराच्या हाती लागली तर? लागू द्या. त्यात पिन आणि पासवर्ड लिहायचे नाहीत, आणि खातं कोणत्या बँकेत आहे एवढ्यावर चोराला काही काढता येत नाही. घरातल्या माणसापासून लपवून ठेवण्याची सबब म्हणून चोराला पुढे करू नये. दुसरी हरकत परदेशी मुलांच्या आई-बापांची : मुलगा सॅन होजेला, मुलगी मेलबर्नला, त्यांना ऑनलाइनच सोपं. मुलांनाच विचारा. तिकडे ग्रीन कार्डाच्या अर्जाला जन्मदाखला जोडायची वेळ येते तेव्हा पहिला फोन पुण्याच्या घरी येतो आणि तो फोन ‘माळ्यावरच्या पेटीत बघा’ असंच म्हणतो. आई-वडलांमागे फ्लॅट विकायचा झाला तर कॉन्सुलेटमधून कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवता येतं. पण पाठवणाऱ्याला सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कुठल्या खणात आहे ते कोणी सांगायचं? रजा महिन्याची असते, त्यातला अर्धा महिना खण उपसण्यात जातो.

मृत्युपत्राबद्दल एक सांगायचं राहिलं. ते लिहा, नोंदणी सक्तीची नाही तरी करून घ्या, साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान निवडा. आणि ते एकट्याच्या नावावरच्या, नॉमिनी नसलेल्या बँक लॉकरमध्ये ठेवू नका. पुष्कळ लोक सुरक्षित म्हणून तिथेच ठेवतात. मग लॉकर उघडून द्यायला बँक वारस कोण ते विचारते, आणि वारस कोण ते सांगणारा कागद लॉकरच्या आत असतो.